डावी नळी

“…हात हलतो, उस्ताद. शिकंजा हलत न्हाई. मग दोघांत खरं कोण बोलतंय?”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते काडतुसाच्या तोंडाशी पुठ्ठ्याची चकती बसवत होते. अंगठ्यानं दाबायची, बोटानं फिरवून बघायची, पुन्हा दाबायची.

“उस्ताद, मी काय इचारतोय?”

“ऐकलं.”

“मग?”

रवळू लोहाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतका मोलाचा प्रश्न विचारावा आणि समोरच्यानं पुठ्ठा चाचपत बसावं! त्यानं कोपऱ्यातली फळी उचलली आणि उस्तादांच्या पुढ्यात आणून आपटली.

“हे बघा. हाताच्या काकणाला आरसा कशाला?”

फळीवर कोळशाचा काळा टिकला होता, आणि त्या टिकल्यात दोन भोकं. एकमेकांना अगदी चिकटून. एक उजव्या नळीचं, एक डाव्या नळीचं. मधे काडीही ठेवता येऊ नये, इतकी जवळ.

आता ही फळी कसली, हे सांगायला हवं.

संस्थानं अजून होती तेव्हाची गोष्ट. घाटाच्या तोंडाशी एक बाजारगाव होतं, आणि गावाबाहेर चिऱ्याच्या जुन्या खाणीला लागून दस्तगीर शिकलगारांचं दुकान होतं. राजाच्या सिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, त्यांची हयात गेली. दरबारात राहून त्यांची बोली साफ झाली होती आणि तोंड मिटलेलं राहायला शिकलं होतं. पंचक्रोशीतल्या बंदुका त्यांच्याकडं यायच्या. दुरुस्त झालेल्या बंदुकीच्या नळ्यांखाली, लाकडानं झाकतं तिथं, ते मासोळीचा ठप्पा मारायचे. मासोळी असली की गाव डोळे झाकून बंदूक खांद्याला लावायचं.

रवळू त्यांचा शागीर्द. जातीचा लोहार, हातात कसब, आणि डोक्यात त्याहून थोडं जास्तच वारं. उस्तादांच्या हाताखाली कानस धरता धरता त्याच्या मिशा आल्या होत्या. आता त्याला स्वतःचा ठप्पा हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यानं तो करूनही ठेवला होता… नांगराच्या फाळाचा. सासुरवाडीला सांगूनही बसला होता की शिमग्यापर्यंत माझं दुकान निघतंय. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

आणि ही बंदूक होती आंबेखोल गावाची. एकच बंदूक, पण दुनळी. सांबरांनी रब्बीचा फडशा पाडला होता, आणि गावाची पारध ठरली होती. मागच्या पारधीत नळ्यांचं तोंड कातळावर आदळलं आणि तिथला डाख, म्हणजे कथलाचा सांधा, सुटला. म्हणून ती उस्तादांकडं आली. उस्तादांनी ती रवळूच्या हाती दिली आणि एवढंच म्हणाले, “होती तशी जुळव.”

दोन नळ्या शेजारी शेजारी असतात हे आंधळ्यालाही चाचपून कळेल. पण दोन्ही एकाच जागी मारतील, हे काही त्या जन्मताना घेऊन येत नाहीत. छर्ऱ्यांचं काडतूस असलं तर कोण विचारतो? मूठभर छर्रे पसरतात, त्यातला एखादा लागतोच. सांबराला मात्र एकाच मोठ्या गोळीचं काडतूस लागतं. तिथं एक नळी पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला, असला संसार चालत नाही. म्हणून तोंडाशी दोन नळ्यांच्या मधे तांब्याची एवढीशी पाचर ठेवायची. कथील वितळवून डाख द्यायचा. उडवून बघायचं. पाचर घासायची किंवा बदलायची, पुन्हा डाख, पुन्हा बार. याला म्हणतात नळ्या जुळवणं, आणि यात माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

रवळूनं डोकं चालवलं. खांद्याला लावून बंदूक उडवली की हात हलतो, श्वास हलतो, मग गोळी नळीमुळं चुकली की माणसामुळं, हे कळायचं कसं? त्यानं दुकानातला लोखंडी शिकंजा, म्हणजे वस्तू आवळून धरायचा पकडा, बाकासकट खाणीत ओढून नेला, बाकावर दगड रचले, आणि जुन्याच पाचरीला नवा डाख देऊन बंदूक शिकंज्यात आवळली. दोरी बांधून लांबून चाप ओढला.

उस्ताद तेव्हा बाजाराला गेले होते.

उजव्या नळीची गोळी टिकल्याच्या डावीकडं लागली. डावीची उजवीकडं. नळ्या एकमेकींकडं तोंड करून होत्या. आणि या नळ्या पूर्वी जुळवल्या होत्या खुद्द उस्तादांनी! खाली मासोळी होती ना.

खोटं कशाला बोला, रवळूला आनंद झाला. गुरूची चूक सापडण्यासारखा आनंद शिष्याला दुसरा नसतो. त्यानं जुनी पाचर काढून भंगारात फेकली, तिच्याहून जाड पाचर घासून बसवली, आणि शिकंज्यातून दोन्ही गोळ्या एका टिकल्यात पाडल्या. ती ही फळी.

उस्तादांनी फळी हातात घेतली. दोन्ही भोकांवरून अंगठा फिरवला.

“सुरेख.”

रवळूची छाती फुगली.

“कुणी धरली होती बंदूक?”

“कुणीच न्हाई. म्हणून तर एका जागी पडल्या!”

“…कुणीच नाही.”

“शिकंज्याला भ्या वाटत न्हाई उस्ताद, दम लागत न्हाई. माणूस मधनं काढला म्हंजे बंदूक खरं बोलती.”

उस्तादांनी फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि पुढचं काडतूस उचललं. रवळूला वाटलं, म्हातारा निरुत्तर झाला. त्यानं मनातल्या मनात दुकानाला रंगसुद्धा देऊन टाकला.

तेवढ्यात बाहेर खाकरल्याचा आवाज आला. आंबेखोलचे आप्पाजी पाटील दारात उभे होते. मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे, आणि गावाची बंदूक चालवणारे तेच.

“झाली का न्हाई आमची बाई बरी? चला, चला. दिवस मावळायच्या आत देवळात पोचाया पायजे.”

आंबेखोलची रीत होती. पारधीच्या आदल्या संध्याकाळी बंदूक रवळनाथापुढं ठेवायची, गाऱ्हाणं घालायचं. एकदा देवापुढं ठेवली की मग ती सावजावरच उडवायची. मधे चाचणीचा बार काढला तर पारध मोडली म्हणून समजायचं. म्हणजे आता ही बंदूक दुकानातून जी निघणार, ती पुन्हा वाजणार ते रानातच.

“पारध मोठी हाय औंदा,” पाटील खाली बसत म्हणाले. “सगळं गाव हाक्याला, सावज उठवाया. आणि रवळू, तुझा केरबाबी हाय बरं का! पुढच्याच रांगेत घातलाय. डबा बडवाया त्याच्यासारखा गडी न्हाई.”

“सांगितलं त्यानं.”

केरबा रवळूचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा कडेवर होता. रवळूनंच त्याला पेज भरवून मोठा केला, आणि अजूनही त्याला कुणी ‘गडी’ म्हटलं की रवळूला हसू यायचं.

“पयला बार उभ्या सावजावर,” पाटील रंगात आले. “ती उजवी नळी. त्यात काय मजा न्हाई. खरी मजा दुसऱ्या बाराला. सावज उधळलेलं, मागनं हाकेकरी वरडत आलेले, सगळी धूळ. तिथं डावी नळी पायजे डोळ्यात तेल घालून बसलेली!”

उस्तादांनी काडतूस खाली ठेवलं.

“पाटील, हाकेकरी सावजापासून किती लांब असतात तेव्हा?”

“लांब कुठलं? अंगावरच आलेले असत्यात. पण मासोळी हाय म्हटल्यावर आमाला काय भ्या न्हाई. मारा ठप्पा, निघतो.”

उस्तादांचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला.

आणि रवळू बोलून गेला, “उस्ताद… या खेपंला ठप्पा माझा.”

पाटलांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. उस्तादांनीही बघितलं. रवळूनं खिशातून फाळाचा ठप्पा काढून ऐरणीवर ठेवला. लखलखीत होता. त्याच्या मागं त्याचा पावसाळा गेला होता.

“नळ्या मी जुळवल्यात. तुमच्यापेक्षा…” इथं तो अडखळला, पण मागं कसला हटतोय, “तुमच्यापेक्षा नीट जुळवल्यात. पाटलांच्या म्होरंच सांगतो. पयल्या जुळल्या न्हवत्या.”

“आँ?” पाटील सावरून बसले. “म्हंजे इतकी वर्सं आमी…”

“शिकंज्यात लावून बघा. उजवी डावीकडं मारत हुती, डावी उजवीकडं.”

भात्याजवळचं मांजर उठून बाहेर गेलं. रवळूला वाटलं, आता म्हातारा उखडणार. उखडला असता तर बरं झालं असतं.

उस्तादांनी फाळाचा ठप्पा उचलला, उजेडात धरला, धार पाहिली.

“चांगला केलास.” त्यांनी तो परत ऐरणीवर ठेवला. “पण बंदूक माझ्या दारात आली, ती माझ्या नावानं जाणार. या बंदुकीवर मासोळीच. पुढची तुझ्या फाळाची.”

“खरं?”

“सिलेखान्याची रीत ठाऊक आहे ना?”

रीत त्यानं ऐकली होती. जुन्या लोकांच्या गप्पांत ऐकली होती. ठप्प्याआधी, ज्याचा ठप्पा लागायचा तो निशाणीपाशी बसायचा, आणि ज्यानं नळ्या जुळवल्या त्यानं बंदूक उडवायची. त्याला ती गोष्टच वाटत आली होती.

“उस्ताद, ते जुनं झालं…”

“ठप्पाही जुनाच आहे.”

उस्तादांनी आपलं घोंगडं उचललं, काखेत फळी मारली आणि खाणीकडं चालू लागले. जाताना म्हणाले, “दोन्ही नळ्या भर. उजवी आधी.”

पाटील धावतच मागं निघाले. “अवो उस्ताद! चेष्टा पुरं! येड लागलं काय?”

खाणीत दुपारचं ऊन होतं. तांबडी भिंत तापली होती. उस्तादांनी फळी भिंतीला उभी केली, टिकल्यावर कोळसा फिरवून तो काळा केला. मग उडवणाऱ्याच्या बाजूनं फळीच्या डाव्या अंगाला, तिला खेटून, घोंगडं अंथरलं आणि मांडी घालून बसले. पाठ भिंतीला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टिकला त्यांच्या डाव्या खांद्याच्या शेजारी आला. मधे वीतभर जागा असेल, फार तर.

सांबर जिथून मारतात तितक्या अंतरावर रवळू येऊन उभा राहिला. बंदूक त्याच्या हातात होती. त्यानं ती हजारदा हातात घेतली होती. आज ती जड लागली.

“मी बसतो तिकडं, उस्ताद!” तो ओरडला. “तुमी उडवा!”

“तुझा ठप्पा आहे काय यावर? नाही ना? मग उडव.”

“रवळू, नको रं लेका,” पाटील त्याच्या मागं येऊन कुजबुजले. त्यांचा मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. “म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय. तू तरी…”

“गप बसा पाटील. फळी बघितली न्हाई का? एका भोकात दोन गोळ्या हाईत.”

हे तो पाटलांना सांगत होता की स्वतःला, देव जाणे. पण त्यानं लाकडी कुंदा खांद्याला लावला. नळीच्या तोंडावरची माशी टिकल्यावर आणली. गाल लाकडाला टेकवला. टिकल्याशेजारी पांढरी दाढी दिसत होती. दाढी हलत नव्हती.

त्यानं पुढचा, उजव्या नळीचा चाप ओढला.

बार खाणीत घुमला. धूर विरला. उस्ताद जागच्या जागी होते.

भोक फळीत होतं, पण टिकल्यात नव्हतं. टिकल्याच्या उजवीकडं, चांगलं वीतभर, फळीच्या कडेला.

“चुकली,” पाटील म्हणाले.

“हात हलला,” रवळू म्हणाला.

हलणारच की! डावीकडं म्हातारा बसलाय, मग भ्यालेला हात उजवीकडं पळणारच. साधी गोष्ट. बंदुकीचा काय दोष? शिकंज्यात हीच नळी टिकल्यात मारत होती. माणूस आला की खोट आली. तो हेच तर सकाळपासून सांगत होता.

“हात हलला, उस्ताद!”

“बरं,” समोरून आवाज आला. “डावी उडव.”

“थरथरतोयस तू,” पाटील म्हणाले. “दे हिकडं. मी उडवतो. माझा हात बसलेला हाय हिच्यावर.”

झालं. हे ऐकून रवळूच्या अंगाचा तिळपापड झाला. नळ्या मी जुळवायच्या आणि बार दुसऱ्यानं काढायचा?

“सरका मागं.”

त्यानं पुन्हा कुंदा खांद्याला लावला. आता भ्यायचं नाही. उजवीकडं पळायचं नाही. पळायला बघितलंच हातानं, तर त्याच्याआधी आपणच केसभर डावीकडं धरायचं, म्हणजे टिकल्यात बसेल. त्यानं माशी टिकल्यावर आणली. मग केसभर डावीकडं घेतली. दाढी माशीच्या अगदी जवळ आली.

बोट मागच्या, डाव्या नळीच्या चापावर गेलं.

खांदा दुखत होता. पहिल्या बाराचा धक्का बसला होता तिथं. तो नेहमीच बसतो, त्याचं काय एवढं? पण कुंदा त्याच दुखऱ्या जागी टेकला, आणि रवळूला तो धक्का पुन्हा आठवला. सरळ मागं नव्हता आला तो. बंदूक मागं येता येता उजव्या अंगाला फिरली होती. नळ्यांचं तोंड उजवीकडं गेलं होतं… गोळी सुटतानाच.

शिकंज्यात ती तसूभर हलली नव्हती. हलूच दिली नव्हती त्यानं.

उजवी नळी उडाली की बंदूक उजवीकडं फिरते. मग डावी उडाली की…

नळ्या एकमेकींकडं तोंड करून होत्या, त्या उगीच नव्हत्या. उजवीला उजवीकडं जायचंच होतं, म्हणून कुणीतरी तिला आधीच डावीकडं वळवून ठेवली होती. डावीला उजवीकडं. हातात धरलेल्या बंदुकीसाठी. आणि त्यानं जाड पाचर ठोकून दोघींना बाहेर ढकललं होतं.

टिकल्याच्या उजवीकडं वीतभर भोक होतं. टिकल्याच्या डावीकडं वीतभर…

तिथं उस्ताद बसले होते. आणि वर आपण केसभर आणखी डावीकडं धरलंय.

बोट चापावर होतं. ते उचलायलाही त्याला भीती वाटत होती. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. डोळा चुरचुरला, आणि त्या पाण्यात त्याला दाढी दिसेना, केरबा दिसला. डबा बडवत, धुळीतून, ओरडत येणारा. पुढच्या रांगेत.

त्यानं एक एक करून बोटं सैल केली. बंदूक खाली आली.

“काय झालं?” पाटील म्हणाले.

सांगण्यासारखं बरंच होतं. हात बसत नाही, उद्या बघू. ऊन डोळ्यावर येतंय. काडतूस ओलं वाटतंय. पाटलांनी यातलं काहीही ऐकून घेतलं असतं, आणि फाळाचा ठप्पा ऐरणीवर तसाच लखलखत राहिला असता. रवळूच्या जिभेवर सगळं आलं. खरंच आलं.

“उस्ताद, उठा.”

“का?”

“उठा तुमी.”

“शिकंज्यात जुळल्या होत्या ना?”

“जुळल्या हुत्या.”

“मग उडव.”

“न्हाई.”

“पाटील उभे आहेत, रवळू. फळी त्यांनीही बघितलीय.”

“बघू द्या!” रवळूचा आवाज फाटला. “बंदूक चुकलीय उस्ताद. मी चुकवलीय. तुमची बरोबर हुती, मी बिघडवली. उठा… पाया पडतो, उठा तिथनं!”

“ठप्पा लांबेल,” उस्ताद म्हणाले.

“लांबू द्या.”

“सासुरवाडीला काय सांगशील?”

“…हेच सांगीन.”

उस्तादांनी टोपी घातली. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. उठताना त्यांनी घोंगड्याची उभी गुंडाळी केली आणि ती बसल्या जागी, भिंतीला टेकवून, उभी करून ठेवली. मग चालत चालत रवळूच्या मागं आले.

“आता उडव.”

“आता कशाला? कळलं मला.”

“तुला कळलं. पाटलांना कुठं कळलंय?”

रवळूनं कुंदा खांद्याला लावला. या खेपेला माशी बरोबर टिकल्यावर धरली. केसभरही इकडंतिकडं नाही. मागचा चाप ओढला.

घोंगडं उडालं आणि आडवं झालं.

पाटील पुढं गेले. ते उचलून त्यांनी उजेडात धरलं, आणि पलीकडचं ऊन भोकातून त्यांच्या पोटावर पडलं. ते ती जागा नुसती बघत राहिले. मग मटकन खाली बसले.

“बाबा रवळनाथा…” ते म्हणाले. “उद्या माझ्या हातनं… उद्या तुझा केरबा…”

थोड्या वेळानं पाटलांना संताप आला, मग तो कुणावर काढावा हे कळेना, मग ते रवळूला एक सणसणीत शिवी देऊन उठले. ती रवळूनं मान खाली घालून घेतली. घ्यायलाच हवी होती.

“पारध परवा,” पाटील म्हणाले. “गावाला मी सांगतो काय सांगायचं ते. देव काय पळून जात न्हाई. बंदूक मात्र नीट झाल्याबिगर मी हिथनं हालायचा न्हाई.” आणि ते खरंच खाणीच्या तोंडाशी, सावलीत, चिऱ्यावर जाऊन बसले.

रवळू दुकानात आला तेव्हा उस्तादांनी भाता सुरू केला होता. निखारे लाल होत होते. त्यानं ऐरणीवरचा फाळाचा ठप्पा उचलला आणि खिशात टाकला.

रवळूनं मुकाट्यानं नळ्या लाकडापासून सोडवल्या. तोंडाशी विस्तव धरला. कथील पाझरलं, आणि त्याची जाड पाचर चिमट्यानं निघाली. केवढ्या दिमाखात बसवली होती!

“पयली पाचर… भंगारात धुंडाळावी लागंल,” तो म्हणाला. “मी फेकून दिली ती. न्हाई मिळाली तर नवी घासतो, पण तुमच्यासारखी…”

उस्तादांनी टोपी काढली. टोपीच्या दुमडीत बोट घातलं, आणि तांब्याचा एक एवढासा तुकडा ऐरणीवर ठेवला.

रवळूनं तो उचलला. उलटा करून पाहिला. एका कडेला उस्तादांच्या कानशीची ती बारीक तिरकी रेघ होती. तीच पाचर. त्यानं फेकलेली.

म्हणजे उस्तादांनी ती भंगारातून उचलली होती. म्हणजे बाजाराहून आल्या दिवशीच. म्हणजे फळी बघताना, सुरेख म्हणताना, घोंगडं उचलताना… आणि भिंतीला पाठ लावून बसताना ती त्यांच्या गुडघ्यावरच्या टोपीत होती.

“उस्ताद…”

भाता चालू होता.

“तुमाला ठावं हुतं? डावी कुठं मारणार, हे तुमाला ठावं हुतं? ठावं असून तुमी तिथं बसला?”

उस्तादांनी भाता थांबवला. रवळूच्या तळहातावरची पाचर उचलली, फुंकर मारून तिच्यावरची राख उडवली, आणि नळ्यांच्या मधे बसवायला पुन्हा त्याच्याच हातात दिली.

“बंदुकीचं ठाऊक होतं.”

रवळूनं पाचर नळ्यांच्या मधे टेकवली.

“तुझं नव्हतं.”